९–७ च्या आत काय दडलंय? पूलचा व्यावसायिक सामना आकड्यांनी कसा वाचायचा

नाइन-बॉलचा सामना ९–७ असा संपला, की कोण जिंकलं ते कळतं. कोण जास्त चांगलं खेळलं, कुणाचा ब्रेक चालला, कुणाला सेफ्टीने (समोरच्याला अडचणीत टाकणाऱ्या बचावाच्या फटक्याने) तारलं, यातलं काहीच त्या दोन आकड्यांतून कळत नाही. तरीही सामना संपल्यावर आपण छातीठोकपणे बोलतो: ‘आज त्याचाच दिवस होता’, ‘दडपणाखाली तो कोसळला’. कधी ते खरं असतं, पण बऱ्याचदा तसं म्हणायला पुरेसा पुरावाच नसतो. एक चौकटीची वही, पेन्सिल आणि थोडा धीर असेल तर हा पुरावा गोळा करता येतो. तो कसा करायचा आणि केल्यावर किती बोलायचं, हे या लेखात सांगतो.

मुंबईत क्यूच्या खेळांची नोंद ठेवायची परंपरा जुनी आहे. विल्सन जोन्स यांनी १९५८ साली हौशी बिलियर्ड्सचं जागतिक विजेतेपद मिळवलं, मायकेल फरेरांनी १९७७, १९८१ आणि १९८३ साली. जिमखान्यांत आणि क्लबांत टेबलाशेजारी मार्कर उभा असायचा, गुण पुकारायचा, फळ्यावर मांडायचा. बिलियर्ड्सच्या खेळाडूला आपली सरासरी ठाऊक असते. उपनगरांतल्या पूल पार्लरमध्ये मात्र मार्कर नाही आणि सरासरीही नाही. तिथे लक्षात राहतात फक्त जिंकलेले रॅक, म्हणजे डाव. मला ही उणीव मनापासून खुपते, कारण पूल हा मोजायला अतिशय सोयीचा खेळ आहे. प्रत्येक फटक्याचा निकाल डोळ्यांसमोर लागतो, आणि एका वेळी टेबलावर एकच माणूस असतो.

या लेखात ब्रेक म्हणजे रचून ठेवलेले बॉल फोडणारा रॅकचा पहिला फटका. नियम थोडक्यात: टेबलावरच्या सर्वांत लहान क्रमांकाच्या बॉलला पांढरा (क्यूने मारायचा बॉल) आधी लागला पाहिजे, आणि ९ क्रमांकाचा बॉल नियमाने पॉकेटमध्ये गेला की रॅक संपला. फाउल झाला की समोरच्याला बॉल इन हँड, म्हणजे पांढरा हवा तिथे ठेवून खेळायची मुभा.

सामना निवडताना

सुरुवात रेकॉर्ड केलेल्या सामन्याने करा. थेट सामना पाहताना नोंद करायला गेलात तर फटका निसटतो, आणि निसटलेला फटका आपण आठवणीने भरतो. आठवण नेहमी नाट्यमय फटक्यांच्या बाजूने झुकते. रेकॉर्डिंगमध्ये मागे जाता येतं. शिवाय आवाज बंद ठेवा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण समालोचकाने ‘फारच कठीण फटका होता’ म्हटलं की पेन्सिल आपोआप सौम्य होते. लोकलच्या गर्दीत उभ्याने मोबाइलवर सामना पाहून नोंद होत नाही. ते पाहणं आनंदासाठी ठेवा.

वहीच्या पहिल्या पानावर सामन्याच्या अटी लिहा. किती रॅकची शर्यत आहे, म्हणजे आधी किती रॅक जिंकले की सामना संपतो? ब्रेक आलटून-पालटून की जिंकणाऱ्याचा? रॅक लावताना टेबलावरच्या खुणेवर १ चा बॉल आहे की ९ चा? ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण १ चा बॉल खुणेवर असेल तर कडेचा बॉल कोपऱ्याच्या पॉकेटमध्ये जाण्याची शक्यता बरीच वाढते. ९ चा खुणेवर ठेवला की तो सोपा मार्ग बंद होतो आणि ब्रेकचे आकडे बदलतात. पॉकेटच्या रुंदीचंही तेच. जागतिक संघटनेच्या मापानुसार कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड ४.५ ते ४.६२५ इंच असतं. काही मोठ्या स्पर्धांत ते याहून अरुंद ठेवतात. अरुंद पॉकेटवरचे आकडे रुंद पॉकेटवरच्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करू नका.

नोंद कशी लिहायची

एका रॅकला एक ओळ. खेळाडूंना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणा. नावं लिहिली की आवडता खेळाडू सांभाळला जातो. मी वापरतो ती चिन्हं अशी: ब्रेकवर पडलेले बॉल ‘ब्रे’ आणि त्यापुढे आकडा, म्हणजे कोरा ब्रेक ‘ब्रे०’. त्या पाळीत पॉकेट केलेले बॉल नुसत्या आकड्याने. सोपा किंवा मध्यम फटका चुकला तर ‘हु’. पोझिशन (पुढच्या फटक्यासाठी पांढऱ्याची जागा) गेली आणि त्यामुळे बॉल पॉकेट करायचा प्रयत्नच सोडावा लागला तर ‘पो’. सेफ्टी चांगली झाली तर ‘से+’, समोरच्याला उघडा फटका मिळाला तर ‘से–’. किक, म्हणजे पांढरा आधी कडेवर मारून बॉल गाठायचा फटका, बॉलला लागलीच नाही तर ‘कि’. ब्रेकवर पांढरा पडला तर ‘ब्रेफा’. पुश आउट, म्हणजे ब्रेकनंतर लगेच कुठल्याही बॉलला लागायचं बंधन न ठेवता पांढरा हलवण्याची मुभा, ‘पु’.

सहाव्या रॅकची ओळ मग अशी दिसेल:

६ । ब्रेक अ । अ: ब्रे१, ३, पो, से+ । ब: कि । अ: ५, जिंकला

म्हणजे ‘अ’ने ब्रेकवर एक बॉल घातला, मग तीन. पुढच्या बॉलसाठी पांढरा नीट आला नाही, म्हणून त्याने सेफ्टी खेळली आणि ती उत्तम झाली. ‘ब’ची किक लागली नाही. बॉल इन हँड घेऊन ‘अ’ने उरलेले पाच साफ केले. नऊ बॉल, सगळे ‘अ’चे. पण चुकांच्या रकान्यात दोघांचीही एकेक चूक आहे. नुसता स्कोअर पाहणाऱ्याला हा रॅक ‘अ’ची निर्दोष कामगिरी वाटेल. प्रत्यक्षात त्याची पोझिशन गेली होती आणि सेफ्टीने त्याला वाचवलं.

वाद होतो तो ‘पो’ आणि ‘हु’ यांवर. माझा नियम कडक आहे: पोझिशन बिघडली पण खेळाडूने अवघड फटका तरीही घातला, तर चूक नाही. फटका चुकला आणि तो चुकण्याचं खरं कारण आधीच्या फटक्यात पांढरा चुकीच्या जागी थांबणं हे असेल, तर चूक ‘पो’ची लिहायची, ‘हु’ची नाही. एका पाळीत जास्तीत जास्त एक चूक. आणि किकची चूक लिहिताना कंसात समोरच्याची सेफ्टी किती घट्ट होती तेही लिहा, कारण पूर्ण झाकलेल्या बॉलला तीन कडांवरून शोधणं आणि अर्धा उघडा बॉल चुकवणं, यांत फार अंतर आहे.

शक्य असेल तर तोच सामना दुसऱ्या कुणाला तरी स्वतंत्रपणे नोंदवायला द्या. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवा. पॉकेट केलेल्या बॉलचे आकडे जुळायलाच हवेत. नाही जुळले तर कुणीतरी मोजताना चुकलंय. ‘पो’चे आकडे थोडे वेगळे येतील, आणि तो फरकच सांगेल की तुमच्या मोजमापात मताचा भाग किती आहे. दोघांच्या ‘पो’मध्ये तीनचा फरक असेल, तर दोन खेळाडूंमधल्या दोन चुकांच्या फरकाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

कामगिरीचा आकडा

अमेरिकन खेळाडू पॅट फ्लेमिंग यांनी १९८० च्या दशकात ‘अॅक्यू-स्टॅट्स’ सुरू केलं आणि पूलला पहिल्यांदा नीट मोजमाप दिलं. त्यांचं सूत्र साधं आहे: पॉकेट केलेले बॉल भागिले, पॉकेट केलेले बॉल अधिक चुका. त्याला टीपीए म्हणतात. ०.९०० किंवा त्याहून वर म्हणजे जागतिक दर्जाचा खेळ.

आता समजण्यासाठी मी रचलेला एक काल्पनिक सामना घेऊ. आलटून-पालटून ब्रेक, ९ ची शर्यत, ‘अ’ ९–७ ने जिंकला. ‘अ’चे ७४ बॉल आणि ११ चुका: ४ हुकलेले, ३ पोझिशन, २ सेफ्टी, २ किक. ‘ब’चे ६४ बॉल आणि ६ चुका: २ हुकलेले, २ पोझिशन, १ सेफ्टी, १ किक.

‘अ’: ७४ ÷ ८५ = ०.८७१
‘ब’: ६४ ÷ ७० = ०.९१४

हरलेल्याचा आकडा मोठा आहे. इथे बरेच जण थांबतात आणि ‘ब दुर्दैवी ठरला’ असं लिहून मोकळे होतात. थांबू नका. टीपीएमध्ये एक मोठं भोक आहे. ब्रेकवर पांढरा पडला तर ती चूक धरली जाते, पण ब्रेक कोरा गेला, एकही बॉल पडला नाही, तर त्याची शिक्षा या आकड्यात कुठेच दिसत नाही. बॉल पडला नाही म्हणून अंशात भर नाही, आणि चूक नाही म्हणून छेदातही भर नाही. खेळाडू मात्र टेबल गमावून खुर्चीत बसलेला असतो.

ब्रेक वेगळा काढा

म्हणून ब्रेकचा तक्ता नेहमी स्वतंत्र. प्रत्येकाचे ब्रेक किती, बॉल पडले असे किती, आणि ते रॅक कुणी जिंकले. आपल्या सामन्यात दोघांनी आठ-आठ ब्रेक केले. ‘अ’चा बॉल ७ वेळा पडला आणि त्यातले ६ रॅक त्याने जिंकले. एकदा कोरा गेला, तो रॅक हरला. ‘ब’चा बॉल ४ वेळाच पडला, आणि ते चारही रॅक त्याने जिंकले. ४ वेळा कोरा गेला, त्यातला एकच रॅक जिंकला.

दोघांचं एकत्र करा. ब्रेकवर बॉल पडला असे रॅक ११, ब्रेक करणाऱ्याने जिंकले १०. कोरे ब्रेक ५, जिंकला १. सामना कुठे फिरला ते इथे दिसतं. ‘ब’ टेबलावर असताना जास्त नेटका खेळला, पण निम्म्या ब्रेकवर त्याला टेबलच मिळालं नाही.

मग ‘ब’चा ब्रेक वाईट आहे, असं म्हणायचं का? यासाठी मला आवडणारी एक तपासणी घरीच करता येते. सोळा चिठ्ठ्या घ्या. अकरांवर ‘पडला’ लिहा, पाचांवर ‘कोरा’. डब्यात घालून हलवा, डोळे मिटून आठ काढा आणि त्या ‘अ’च्या माना. सात किंवा आठ ‘पडला’ किती वेळा येतात, ते मोजत जा. दोघांच्या ब्रेकमध्ये काहीही फरक नाही असं मानलं, तर ही वाटणी नुसत्या योगायोगाने होण्याची शक्यता किती, हे त्यातून कळतं. हिशेबाने ती ४,३६८ पैकी ६१६, म्हणजे साधारण १४ टक्के येते. उलट बाजूने ‘ब’ला एवढाच फायदा होण्याची शक्यताही तेवढीच. ती धरली तर २८ टक्के. म्हणजे दोघांचा ब्रेक अगदी सारखा असता, तरी साधारण दर सात सामन्यांत दोनदा एवढा फरक कुणाच्या तरी बाजूने दिसला असता.

यावरून दोन वेगळी विधानं निघतात आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. ‘या सामन्यात ब्रेकने निकाल ठरवला’ हे घडलेल्या गोष्टीचं वर्णन आहे, आणि ते बरोबर आहे. ‘अ’चा ब्रेक ‘ब’पेक्षा चांगला आहे’ हा खेळाडूंबद्दलचा दावा आहे, आणि त्यासाठी आठ-आठ ब्रेक फारच अपुरे आहेत. एकाचा ब्रेक खरोखर ७० टक्के वेळा चालतो आणि दुसऱ्याचा ६० टक्के, हा फरक भरवशाने पकडायचा असेल तर प्रत्येकाचे साडेतीनशेच्या आसपास ब्रेक नोंदवावे लागतात. एका सामन्यात आठ मिळतात. तेव्हा वही जपून ठेवा.

टीपीएलाही हीच कसोटी लावा. ‘अ’च्या ८५ संधींत ११ चुका. या आकड्याची ९५ टक्के मर्यादा (खरा आकडा बहुधा ज्या पट्ट्यात असेल तो) दोन्ही बाजूंना साधारण ०.०७ येते, म्हणजे ०.८० ते ०.९४. ‘ब’ची ०.८५ ते ०.९८. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत. ०.८७१ आणि ०.९१४ यांतला फरक कागदावर मोठा दिसतो, पण एका सामन्यापुरता तो धुक्यातच आहे. (ही मर्यादा काढताना प्रत्येक फटका स्वतंत्र मानला आहे. प्रत्यक्षात पोझिशन एका फटक्यातून दुसऱ्यात जाते, त्यामुळे खरी अनिश्चितता यापेक्षा वेगळी असू शकते.)

सेफ्टीची लढत

सेफ्टीला स्वतंत्र पान द्या, कारण व्यावसायिक सामने तिथे फार वेळा फिरतात आणि टीव्हीवर पाहणाऱ्याला तो भाग कंटाळवाणा वाटतो. पहिली सेफ्टी खेळली गेली तिथून लढत सुरू झाली असं माना. ज्याला पुढचा उघडा फटका मिळाला, त्याने ती जिंकली. तीन गोष्टी लिहा: लढत कुणी सुरू केली, कुणी जिंकली, आणि जिंकणाऱ्याने तो रॅक संपवला का. तिसरा रकाना विसरू नका. सेफ्टीत वरचढ असलेला खेळाडू मिळालेली संधी वाया घालवत असेल, तर ते इथेच उघड होतं. पुश आउटनंतर समोरच्याने फटका घेतला की परत दिला, हेही टिपून ठेवा. त्यातून खेळाडूंचा एकमेकांच्या किकवर आणि जम्पवर (मधल्या बॉलवरून पांढरा उडवण्याच्या फटक्यावर) किती विश्वास आहे, ते बरंच कळतं.

जिंकणाऱ्याचा ब्रेक आणि सलग रॅक

जिंकणाऱ्याचाच ब्रेक असेल तर सलग पाच-सहा रॅकचे झंझावात जास्त दिसतात, आणि आपल्याला वाटतं की ही पद्धत बलवानाला झुकतं माप देते. गणित वेगळं सांगतं. प्रत्येकाची स्वतःच्या ब्रेकवर रॅक जिंकण्याची शक्यता ठरलेली असेल आणि रॅक एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर ९ ची शर्यत जिंकण्याची शक्यता दोन्ही पद्धतींत तंतोतंत सारखी असते. कारण असं: पहिला ब्रेक ‘अ’चा असेल तर कुठल्याही पद्धतीत ‘अ’चे जास्तीत जास्त ९ आणि ‘ब’चे ८ ब्रेक होतात. सामना संपल्यावरही उरलेले ब्रेक खेळून सतरा रॅक पूर्ण केले असं मनात धरा. त्या सतरांत ज्याचे ९ किंवा जास्त, तोच विजेता. क्रम बदलला तरी ते सतरा तेच. त्यामुळे बदलतो तो सामन्याचा आकार, अपेक्षित विजेता नाही. जिंकणाऱ्याच्या ब्रेकमधले सलग रॅक पाहून ‘लय’ शोधण्याआधी हे आठवा.

किती रॅक म्हणजे पुरेसे?

खेळाडूंच्या ताकदीसाठी आज फार्गोरेट हे रेटिंग सर्वत्र वापरतात. त्याचा पाया सुटसुटीत आहे: १०० गुणांचा फरक म्हणजे रॅक जिंकण्याचं प्रमाण २ ला १. त्या हिशेबाने सुमारे २९ गुणांचा फरक असेल तर वरचा खेळाडू १०० पैकी ५५ रॅक जिंकेल. व्यावसायिक पातळीवर ही आघाडी चांगलीच म्हणायची. पण ५५ टक्के रॅक जिंकणारा सामना किती वेळा जिंकतो? ५ च्या शर्यतीत ६२ टक्के, ९ च्या शर्यतीत ६६, १३ च्या शर्यतीत ६९. म्हणजे ९ च्या शर्यतीत तीनपैकी एक सामना कमी ताकदीचा खेळाडू जिंकतो, आणि त्यात धक्कादायक काही नसतं. संगणकावरच्या कुठल्याही तक्त्यात द्विपद वितरणाचं फंक्शन असतं. एकूण १७ रॅक, शक्यता ०.५५, किमान ९ यश असं घातलं की हा आकडा मिळतो.

लांबलचक शर्यतीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण १९९६ चं, हाँगकाँगमधलं. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस विरुद्ध अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड, १२० ची शर्यत, तीन दिवस, एक लाख डॉलर आणि सगळे विजेत्याला. स्ट्रिकलंड एका टप्प्यावर १७ रॅकने पुढे होता. शेवटी रेयेस १२०–११७ ने जिंकला. ५५ टक्केवाला खेळाडू १२० ची शर्यत साधारण ९४ टक्के वेळा जिंकतो, तेव्हा इतक्या लांबीत खरा सरस कोण ते कळायला हवं, असं वाटतं. पण २३७ पैकी १२० म्हणजे ५०.६ टक्के, आणि २३७ रॅकला अनिश्चितता दोन्ही बाजूंना सव्वासहा टक्क्यांच्या जवळपास. तीन दिवस खेळूनही आकड्यांच्या दृष्टीने हे दोघे वेगळे काढता येत नाहीत.

आणि ती १७ ची आघाडी? नाणं २३७ वेळा उडवलं, तर कुठल्या ना कुठल्या क्षणी छापा किंवा काटा यांपैकी एकाला १७ ची आघाडी मिळण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. याचा अर्थ रेयेसचं पुनरागमन नशिबाचं होतं असा नाही. त्या टेबलावर १७ रॅकनी मागे असताना शांत डोकं ठेवून फटके मारणारा माणूस खराच होता, आणि त्याचं मला आजही अप्रूप वाटतं. आकडे एवढंच सांगतात की ‘आधी स्ट्रिकलंड वरचढ होता, मग रेयेस वरचढ झाला’ ही गोष्ट सिद्ध करायला निव्वळ स्कोअर पुरत नाही. त्यासाठी फटक्यांची वही लागते: पिछाडीच्या काळात कुणाच्या कोणत्या चुका कमी-जास्त झाल्या, ब्रेक किती कोरे गेले.

निष्कर्ष लिहिताना

सामन्याचा अहवाल चार-पाच वाक्यांत बसवा, आणि प्रत्येक वाक्य घडलेल्या गोष्टीबद्दल आहे की खेळाडूबद्दल, हे स्वतःला विचारा. आपल्या काल्पनिक सामन्याचा अहवाल मी असा लिहीन:

‘अ ९–७ ने विजयी. चुका अ ११, ब ६. टीपीए ०.८७१ आणि ०.९१४, पण फरक एका सामन्याच्या अनिश्चिततेच्या आतला. निकालाचं सर्वांत स्पष्ट कारण ब्रेक: अ चा ८ पैकी ७ वेळा बॉल पडला, ब चा ४ वेळा. ब ने आपल्या कोऱ्या ब्रेकवरच्या चारपैकी तीन रॅक गमावले. यावरून ब्रेकच्या दर्जाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. पुढच्या सामन्यांत ब चा ब्रेक कोणत्या जागेवरून होतो, ते पाहायचं.’

तुम्ही स्वतः खेळत असाल तर हीच वही स्वतःसाठीही चालते. फक्त दोन बदल करा. पार्लरचं टेबल नऊ फुटी आहे की आठ फुटी, ते पानाच्या वर लिहा, कारण लहान टेबलावर फटके जवळचे होतात आणि टीपीए फुगतो. आणि खेळता खेळता नोंद करू नका. ओळखीच्या माणसाला मोबाइल धरायला सांगा किंवा भिंतीवरच्या क्यूच्या स्टँडला तो टेकवून ठेवा. व्हिडिओ घरी येऊन पाहा. हौशी खेळाडूंना ‘हु’चा रकाना मोठा असेल असं वाटतं. वही नीट भरली तर बहुतेकांच्या बाबतीत ‘पो’चा रकाना त्याच्या जवळ जातो, कारण हुकलेल्या कित्येक फटक्यांचं मूळ आधीच्या फटक्यात असतं. सरावाचा तास भाड्याने घेताना मग सरळ बॉल घालण्यात तो घालवायचा की एका बॉलवरून दुसऱ्यावर पांढरा नेण्यात, हे त्या दोन रकान्यांवरून ठरवा.